डिस्क रिकामी असताना फाइल सेव्ह न होणे आणि चुकीचे कोटेशन याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

धंतोलीतील आमच्या सीटी स्कॅन केंद्रात आपल्या कंपनीने 16 टीबीचा फाइल सर्व्हर बसवून दिला आहे. गेल्या मंगळवारी सकाळपासून त्यावर एकही नवी फाइल सेव्ह होईना. जागा शिल्लक नाही, एवढाच संदेश. उमरेडहून पहाटेच्या एसटीने आलेल्या एक आजी जुन्या फिल्मचे पाकीट छातीशी धरून बाकावर बसल्या होत्या. “आज होऊन जाईन ना, भाऊ?” असे त्यांनी मला तीनदा विचारले. शेवटी दुपारी त्यांना दुसऱ्या केंद्रात पाठवावे लागले.

आपल्या इंजिनिअरने फोनवरच सांगितले की डिस्क भरली आहे, जुने स्कॅन काढून टाका नाहीतर आणखी 16 टीबी घ्या. दुसऱ्या दिवशी कोटेशन हजर. सर्व्हर उघडून बघण्याची तसदी कोणी घेतली नाही.

मी बघितले. डिस्कचा वापर 13 टक्के, आयनोडचा, म्हणजे फाइलींच्या नोंदीसाठी राखलेल्या जागांचा, 100 टक्के. सर्व्हरवर ईएक्सटी4 ही फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत, आहे. तिच्यात प्रत्येक फाइलला एक आयनोड लागतो आणि त्यांचे प्रमाण फॉरमॅट करतानाच ठरते. नेहमीच्या सेटिंगमध्ये एवढ्या मोठ्या डिस्कवर दर 32 किंवा 64 केबीमागे एक आयनोड मिळतो. आपल्या माणसाने मोठ्या फाइलींसाठीचे ‘लार्जफाइल4’ सेटिंग निवडले, त्यात दर 4 एमबीमागे एक. म्हणजे अख्ख्या डिस्कवर जेमतेम 40 लाख फाइली. सीटीचा एक काप 512 गुणिले 512 पिक्सेलचा, साधारण अर्ध्या एमबीचा, आणि एकेका रुग्णाचे असे शेकडो काप. 2 टीबीतच आयनोड संपले. वखार रिकामी आणि नोंदवहीची पाने संपलेली, अशी ही गत आहे. आमच्याकडे काय साठवायचे आहे, हे मागणीपत्रात स्पष्ट लिहिले होते.

नवी डिस्क जोडून हीच फाइल सिस्टिम वाढवली, तर आयनोडही त्याच प्रमाणात वाढतील आणि आणखी 2 टीबी भरले की काम पुन्हा ठप्प होईल. त्याचे पैसे आम्ही का द्यायचे? जुने स्कॅन पुसायला सांगणे तर मला फार लागले. गाठ वाढली की कमी झाली, हे डॉक्टर जुन्या स्कॅनशी ताडूनच सांगतात.

सध्या मी रोज रात्री जुने स्कॅन टार करून, म्हणजे अनेक फाइलींची एकच फाइल करून, एकेका गठ्ठ्यात बांधतो, तेव्हा कुठे दुसऱ्या दिवसापुरते आयनोड मोकळे होतात. हे किती दिवस चालणार?

कोटेशन मागे घ्यावे. वॉरंटीत, आपल्या खर्चाने, सगळा डेटा दुसरीकडे उतरवून डिस्क नेहमीच्या सेटिंगने किंवा एक्सएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टिमने फॉरमॅट करून द्यावी. एक्सएफएसमध्ये आयनोड गरजेप्रमाणे तयार होतात. डेटा परत चढवल्यावर प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइल जशीच्या तशी आहे का, हे पडताळण्याचा आकडा) आमच्यासमोर जुळवून दाखवावा. हे काम रविवारी करावे, त्या दिवशी केंद्र बंद असते. आठ दिवसांत लेखी तारीख न मिळाल्यास आम्हाला ग्राहक आयोगाकडे जावे लागेल.

आपला,
संगणक विभाग प्रमुख
सीटी स्कॅन केंद्र, धंतोली, नागपूर