ताळगावचं घर

पुणे, १२ मे

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार,

फोनवर सांगायचं ठरवते, पण बाबांचा आवाज ऐकला की विषय बदलते. म्हणून पत्र. पणजीजवळ ताळगावात तळमजल्यावर फ्लॅट भाड्याने घेतला आहे, आगाऊ पैसेही दिले. २० तारखेला मी वाळपईला घरी येते, दुसऱ्या दिवशी तिघंही तिथे जाऊ. तुम्हाला विचारलं नाही. विचारलं असतं तर बाबांनी कुळागराच्या, आपल्या बागेच्या, पाण्याचं कारण पुढे केलं असतं. पाण्याचं शेजारच्या काकांच्या मुलाशी बोलून ठेवलंय, आणि महिन्याभरात पाऊस येतोच आहे.

कॅन्सरच्या दुसऱ्या इंजेक्शननंतर पायऱ्या चढताना बाबांना धाप लागली, डावी पापणी खाली आली, तेव्हा आईने मलाच फोन केला होता. मी म्हटलं, पित्त असेल, सोलकढी दे. त्यात दोन दिवस गेले. ते दोन दिवस माझ्या मनातून जात नाहीत.

बाबा, औषध चुकीचं दिलं असं मनात आणू नका. आईच्या माहेरी खाजनात, खाडीकाठच्या शेतात, पाणी अडवायचं दार, मानस, आहे ना, तसंच. आपल्या शरीराच्या सैनिकांसमोर कॅन्सर ते दार लावून घेतो, तुमचं इंजेक्शन, पेम्ब्रोलिझुमॅब, ते उघडं ठेवतं. मग क्वचित तो लोंढा आपल्याच शेतात शिरतो. तुमच्या बाबतीत हृदयाच्या स्नायूत शिरला, सूज आली. शंभरात जेमतेम एखाद्याला होतं, बहुतेकदा पहिल्या तीन महिन्यांत. हृदयाला इजा झाली की रक्तात वाढतं ते ट्रोपोनिन वाढलेलं दिसलं आणि स्टिरॉइड लगेच सुरू झालं, हे आपलं नशीब. आता ते इंजेक्शन पुन्हा द्यायचं नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. गाठ लहान झाली होती म्हणून तुम्हाला हळहळ वाटते, मला कळतं. पण औषध थांबवल्यावरही त्याचा गुण टिकलेले रुग्ण आहेत. पुढचं स्कॅन बघून बोलू.

बांबोळीचं हॉस्पिटल ताळगावहून जवळ आहे. पावसात, रात्री, वाळपईहून निघायचं म्हटलं की मला भाऊबीजेची ती जीप आठवते. पुन्हा तसं नको.

मला ताप भरला होता तेव्हा भर पावसात खांद्यावर घेऊन साकव ओलांडलात, बाबा. तुमच्या ओल्या शर्टाला विडीचा वास येत होता, आणि मला अजिबात भीती वाटली नव्हती.

आता नीट ऐका. प्रेडनिसोलोन, म्हणजे ती स्टिरॉइडची गोळी, नाश्त्यानंतरच, आणि बरं वाटलं म्हणून परस्पर बंद करायचं नाही, डोस डॉक्टर हळूहळू उतरवतील. साखर रोज तपासायची. पेजेबरोबर लोणचं बोटभर, खारा बांगडा तूर्त नाही. रात्री झोप लागत नाही ती त्या गोळ्यांमुळे, उगाच काळजीत पडू नका. छातीत धडधड, चक्कर, पायाला सूज, काहीही वाटलं तर आधी डॉक्टरांना फोन, मग मला. कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी इंजेक्शनच्या नावाचा कागद दाखवायचा.

आई, तुझं तुळशीवृंदावन न्यायचं नाही, पण कुंडीतली तुळस नेऊ. सकाळी पाववाला पोदेर दारात येतो. उकडे तांदूळ मात्र घरचेच घे. बाबांच्या वेताच्या खुर्चीचं माप घरमालकांना कळवलं होतं, गॅलरीत बसते म्हणाले.

तुमची,
बाय