धुळ्याचे ‘घुळे’ होऊ नये म्हणून

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

अमळनेर येथे गेली पंधरा वर्षे मी कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचे दुकान चालवीत आहे. शाळेच्या गणवेशावरील खिशाची चिन्हे, खेळाडूंचे टी-शर्ट, दिंडीच्या पताका, लग्नातले रुमाल आणि टोप्या, श्रावणात कानबाईच्या उत्सवासाठी लागणारी वस्त्रे, अशी आमच्याकडे येणारी बहुतेक कामे नक्षीपेक्षा अक्षरांचीच असतात. ही अक्षरे कापडावर शुद्ध उमटत नाहीत, आणि त्याचे कारण यंत्रात नसून अक्षर तयार करण्याच्या पद्धतीत आहे, हे आपल्या पत्राच्या वाचकांपुढे मांडावे म्हणून हे लिहीत आहे.

काही वर्षांपूर्वी शिरपूर तालुक्यातील एका शाळेचे दोनशे खिसे मी भरून दिले. पंचिंग, म्हणजे अक्षरांचे टाक्यांत रूपांतर, बाहेरून करून आणले होते. माल पोहोचल्यावर मुख्याध्यापिकाबाईंनी एक खिसा माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि काही न बोलता गावाच्या नावावर बोट ठेवले. ‘शि’ची ऱ्हस्व वेलांटी ‘श’च्या अलीकडे लागण्याऐवजी पलीकडे लागली होती, त्यामुळे ती ‘र’वर चढून शिरपूरचे ‘शरिपूर’ झाले होते. पडद्यावर पाहताना ते माझ्याही लक्षात आले नव्हते, ही चूक मी मान्य करतो. दोनशे खिसे पुन्हा भरून दिले. पण हे का घडले, याचा शोध मी तेव्हापासून घेऊ लागलो.

नक्षीचे किंवा अक्षराचे टाक्यांत रूपांतर करण्याच्या कामाला आमच्या धंद्यात अजूनही पंचिंग म्हणतात, कारण पूर्वी यंत्राला आज्ञा देण्यासाठी कागदी पट्टीवर छिद्रे पाडली जात. आज ती जागा डीएसटीसारख्या फाइलने घेतली आहे. या फाइलमध्ये अक्षर नसतेच. सुई एका टाक्यापासून पुढच्या टाक्यापर्यंत किती सरकली, एवढेच मिलिमीटरच्या दहाव्या भागात नोंदलेले असते. म्हणून पंचिंगमध्ये शिरलेली चूक यंत्रावर कोणाला दुरुस्त करता येत नाही, सगळे पुन्हा करावे लागते. संगणकावर किंवा मोबाइलवर मराठी लिहिताना वेलांटी मागे नेण्याचे आणि ‘क’ व ‘त’ जोडून ‘क्त’ करण्याचे काम फॉन्टमधले नियम करतात. युनिकोडमध्ये जोडाक्षरांना स्वतंत्र क्रमांक दिलेलेच नाहीत. भरतकामाच्या ज्या संगणक प्रणाली माझ्या हाताखालून गेल्या, त्यांची अक्षरसुविधा मात्र एक कळ म्हणजे एक अक्षर या इंग्रजी हिशेबावर उभी आहे. तिथे ‘मुक्ताईनगर’ लिहिले की ‘क’चा पाय मोडून पुढे सुटा ‘त’ येतो, आणि मुक्ताबाईंच्या पालखीची पताका घ्यायला आलेल्या वारकऱ्याला ती कोणत्या तोंडाने द्यावी, असा प्रश्न पडतो.

यावर उपाय म्हणून बहुतेक जण छपाईच्या फॉन्टमध्ये शब्द लिहून त्याची बाह्यरेषा प्रणालीत घेतात आणि एका कळीने तिचे टाके करून टाकतात. शब्द शुद्ध राहतो, पण अक्षर बिघडते. ७५ क्रमांकाच्या सुईची जाडीच पाऊण मिलिमीटर असते. सहा मिलिमीटर उंचीच्या अक्षरात छपाईला चालणारी बारीक रेघ सॅटीन टाक्याला, म्हणजे रेघेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत दाट घातलेल्या टाक्याला, मानवत नाही, आणि ‘ष’ किंवा ‘क्ष’ याच्या पोटातली मोकळी जागा धाग्याने बुजून जाते. शिवाय प्रत्येक टाका कापडाला आपल्या दिशेने ओढतो. उभ्या दंडाचे टाके आडवे असल्यामुळे दोन अक्षरे एकमेकांपासून दूर ओढली जातात आणि पडद्यावर अखंड दिसणारी शिरोरेघ कापडावर जागोजागी तुटते. हे टाळण्यासाठी आधी खाली आधाराचे विरळ टाके घालणे, रेघ दोन-तीन दशांश मिलिमीटरने रुंद ठेवणे आणि शिरोरेघ अक्षरागणिक न घालता सगळी अक्षरे झाल्यावर शेवटी एकसंध भरणे, असे करावे लागते. दंड शिरोरेघेला जिथे मिळतो तिथे टाक्यांवर टाके चढून गाठ होते आणि सुई मोडते, म्हणून दंड अलीकडेच थोडा थांबवावा लागतो.

परंतु शिरोरेघ सरळ ओढून दिली की काम संपले असे नाही, आणि मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते इथेच आहे. ‘ध’ आणि ‘भ’ या अक्षरांवर शिरोरेघ मोकळी सोडायची असते. ती जागा बुजली की ‘ध’चा ‘घ’ होतो आणि ‘भ’चा ‘म’. धुळे आणि भुसावळ ही आपल्या खानदेशातील दोन मोठी नावे. ‘घुळे’ आणि ‘मुसावळ’ असे भरलेले टी-शर्ट मी स्वतः हातात घेऊन पाहिले आहेत. नंदुरबारचे दुखणे वेगळे आहे. त्याचा अनुस्वार एवढासा, चार-सहा टाक्यांचा. तो टी-शर्टच्या जाळीदार विणीत बुडतो किंवा दोन धुण्यांत उसवून जातो आणि ‘नदुरबार’ उरते. तो किमान दीड मिलिमीटरचा ठेवून सुरुवातीला आणि शेवटी टाका पक्का करावा लागतो.

आमच्यापैकी अनेकांचे पंचिंग सुरतेहून होऊन येते. तेथील कारागिरांचा हात उत्तम आहे, साडीच्या बुट्ट्यांत त्यांना तोड नाही. मात्र गुजराती लिपीला शिरोरेघ नाही. जो माणूस लहानपणापासून शिरोरेघ ओढत आला नाही, त्याला ती कुठे सोडायची हे सुचले नाही, तर त्यात त्याचा दोष कसा म्हणावा? ‘वऱ्हाडी’मधला ‘ऱ्ह’, पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ही मराठीची वळणे रोज लिहिणाऱ्या माणसानेच हे काम करायला हवे, आणि तशी मुले-मुली आपल्या तीन जिल्ह्यांत भरपूर आहेत.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये ‘सरफेस ऑर्नामेंटेशन टेक्निक्स’ या नावाने भरतकामाचा अभ्यासक्रम आहे. त्यात देवनागरी अक्षरांचे पंचिंग हा विषय स्वतंत्रपणे शिकवला जावा, अशी माझी पहिली विनंती आहे. त्यासाठी महागडी प्रणाली विकत घेण्याची गरज नाही. चित्र रेखण्याचे इंकस्केप आणि त्याला जोडून चालणारे, रेखाटनाचे टाके करणारे इंक/स्टिच ही दोन्ही साधने विनामूल्य आहेत आणि साध्या संगणकावर चालतात. दुसरी विनंती राज्य मराठी विकास संस्थेला आहे. संगणकासाठी ‘यशोमुद्रा’सारखा फॉन्ट या संस्थेने सर्वांना मोफत उपलब्ध करून दिला, त्याच धर्तीवर भरतकामासाठी दोन-तीन अक्षरसंच, जोडाक्षरे आणि शिरोरेघेच्या नियमांसह, टाक्यांच्या हिशेबाने मुळापासून रेखून घ्यावेत. छपाईच्या फॉन्टवरून काम करायचेच असेल, तर तो ‘मुक्ता’सारखा खुल्या परवान्याचा असावा, कारण अक्षर रेखणाऱ्याचे श्रमही आमच्या श्रमांइतकेच खरे आहेत.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आमच्या दुकानातही पेढे वाटले गेले. त्याच आठवड्यात एका ग्राहकाने आपल्या मुलाचे नाव इंग्रजीत भरून मागितले, कारण मागच्या वेळी दुसरीकडे मराठीत भरलेले ‘प्रज्ञेश’ त्याला वाचता आले नव्हते. मी त्याला थांबवून घेतले, ‘प्र’ आणि ‘ज्ञे’ दुपारभर बसून रेखले आणि संध्याकाळी शर्ट दिला.

गेल्या दोन वर्षांत मी अशा रीतीने मुळाक्षरे, बाराखडी आणि नेहमी लागणारी जोडाक्षरे आठ आणि बारा मिलिमीटर अशा दोन उंचींत तयार केली आहेत. एखादी संस्था हे काम हाती घेणार असेल, तर तो सर्व संच मी विनामूल्य देण्यास तयार आहे. ‘ऱ्ह’ अजून मनासारखा जमलेला नाही आणि आठ मिलिमीटरमध्ये ‘क्ष’चे पोट अजून बुजते, तेवढे जाणकारांनी पाहून द्यावे.

आपला नम्र,
एक भरतकाम व्यावसायिक,
अमळनेर, जि. जळगाव