आमच्या अंगठ्यालाही गुण द्या: केंद्रीय आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय आरोग्यमंत्री, नवी दिल्ली, यांस सादर नमस्कार.

विहिरीत पडून माझ्या मानेचा मणका मोडला आणि हात लुळे पडले, त्याला सहा वर्षे झाली. गेल्या वर्षी हाताच्या उपचाराच्या एका चाचणीत मी सहभागी झालो. 'हाताच्या वापरात होणारा बदल मोजला जाईल', असे संमतिपत्रात छापले होते आणि सही करता येत नसल्याने मी त्याखाली अंगठा उमटवला होता. गेल्या आठवड्यात निकालाचा कागद आला: 'लक्षणीय सुधारणा नाही.'

त्याच सकाळी मी अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत गोळी धरून स्वतःच्या तोंडात टाकली होती. दोनदा ती निसटून गोधडीत पडली, आईने हात पुढे केला, मी तिला थांबवले आणि तिसऱ्यांदा जमले.

हे कागदावर का आले नाही, ते मी शोधून काढले. माझी तपासली गेली ती पाचच हालचालींची ताकद: कोपर वाकवणे, मनगट उचलणे, कोपर सरळ करणे, मधल्या बोटाचे टोक वाकवणे आणि करंगळी बाजूला नेणे, प्रत्येकीला 0 ते 5 गुण, एका हाताचे 25. अंगठा त्यात नाहीच. मज्जारज्जूला इजा कोणत्या पातळीवर आहे हे ठरवायला ही तपासणी आवश्यक आहे, हे मला मान्य आहे. पण तिने हाताचे काम मोजले जात नाही. त्यासाठी 2012 पासून 'ग्रास्प' ही तपासणी उपलब्ध आहे. तिच्यात अंगठ्यासह दहा स्नायू आणि बोटांचा स्पर्श तपासतात, बाटलीतून पाणी ओतायला व बरणीचे झाकण फिरवायला लावतात आणि ते कोणत्या पकडीने साधले, यालाही गुण देतात.

अमेरिकेत 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 681 जणांच्या पाहणीत, दोन्ही हात आणि दोन्ही पाय लुळे पडलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांनी चालण्याच्याही आधी हात परत मागितले होते. आम्हाला मात्र कोणी विचारतच नाही. अपंगत्वाच्या दाखल्याच्या वेळीही टक्के लिहून झाले, पण 'घास कोण भरवते?' हा प्रश्न त्या टेबलावर आला नाही. मोजणाऱ्याला जे सोपे, तेवढेच मोजायचे, हीच रीत पडली आहे आणि तिचा मला संताप येतो.

उपचारांच्या चाचण्यांची नोंदणी आपल्या देशात 2009 पासून सक्तीची आहे. हाताच्या उपचाराची चाचणी नोंदवताना हाताचे काम मोजणारी तपासणीही सक्तीची करा आणि प्रत्येक रुग्णाला त्याचे सगळे गुण लेखी द्या. माझी फेरतपासणी कोण करणार, एवढे उत्तर मला हवे आहे.

आपला,
सांगली जिल्ह्यातील एक रुग्ण