गोवराचा दुसरा डोस उसाच्या फडात चुकतो

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गळीत हंगाम तोंडावर आला आहे. ऊसतोडीच्या टोळ्या एकदा निघाल्या की पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, गावी परतत नाहीत. गोवर-रुबेला लसीचा पहिला डोस बाळाला नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान मिळायला हवा. नेमका हा दुसरा डोस फडात चुकतो. पहिला झाला आहे, तेवढा पुरे, असे समजून घरचेही निर्धास्त राहतात.

तेवढा पुरत नाही. आईकडून आलेली प्रतिपिंडे नवव्या महिन्यात काही बाळांच्या अंगात शिल्लक असतात आणि लसीतला विषाणू निष्प्रभ करतात. त्यामुळे पहिला डोस घेतलेल्या शंभरांपैकी साधारण पंधरा बाळे असुरक्षितच राहतात. गावात शंभर बाळे जन्मली आणि नव्वदांनी एकच डोस घेतला, तर संरक्षण मिळते जेमतेम 77 जणांना. उरली 23. चार वर्षांत ही संख्या नव्वदीपार जाते, म्हणजे जवळजवळ एका वर्षाची सगळी बाळे! गोवराचा एक रुग्ण असुरक्षित वस्तीत 12 ते 18 जणांना आजार देतो. साथ थोपवायला शंभरातली 95 मुले सुरक्षित लागतात. काही वर्षे शांततेत जातात आणि मग अचानक भडका उडतो, तो या साठत गेलेल्या मुलांमुळे. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडीसारख्या दाट वस्त्यांत गोवराने बालके दगावली, हे विसरून चालणार नाही.

दुसरी अडचण कुपीची. एका कुपीत अनेक बाळांचे डोस असतात. द्रावक मिसळलेली कुपी चार तासांत संपवावी लागते, नंतर ती टाकूनच द्यायची. त्यात जंतुनाशक नसते. उशीर झाला तर जंतू वाढून बाळाच्या जिवावर बेतते. मग एका बाळासाठी कुपी कशाला फोडायची, म्हणून 'पुढच्या सत्राला या' असे सांगितले जाते. पुढच्या सत्राला टोळी दुसऱ्या फडावर असते. चार डोस वाया गेले तरी चालतील, पण आलेले बाळ परत पाठवू नये.

पालकांनी लसीकरण कार्ड बिऱ्हाडासोबत न्यावे. डोस कोणत्याही सरकारी केंद्रावर मोफत मिळतो. सर्दी किंवा किरकोळ ताप असला तरी लस देता येते. दोन वर्षे उलटली असली तरी पाच वर्षांपर्यंत राहिलेला डोस घेता येतो, फक्त दोन डोसांत किमान एक महिन्याचे अंतर हवे. कारखान्यांनी मुकादमांकडून पाच वर्षांखालील मुलांची यादी घेऊन ती हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला द्यावी.

— एक बालरोगतज्ज्ञ, बीड