‘कशावरून?’ विचारायला शिकवणाऱ्या बाईंस

आदरणीय बाई,

सविनय नमस्कार.

हे पत्र मी आपल्याला खासगीत पाठवू शकले असते. परंतु वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आपण इतकी वर्षे चालवलेल्या शनिवारच्या चर्चावर्गाचा लाभ एकट्या मला झालेला नाही, आणि विज्ञान, राजकारण व श्रद्धा या तिन्ही विषयांवर मने न तोडता वाद कसा घालावा याची जी रीत आपण आम्हाला घालून दिली, ती वर्गाबाहेरच्या लोकांनाही कळावी असे मला मनापासून वाटते. म्हणून हे आभार सर्वांसमक्ष मानत आहे.

आपली रीत सांगायला सोपी आहे, पाळायला अत्यंत कठीण. कोणताही दावा समोर आला की आपण प्रथम ‘कशावरून?’ असे विचारत असा, आणि लगेच दुसरा प्रश्न येई: ‘काय दिसले तर तुम्ही आपले मत बदलाल, ते आत्ताच सांगा.’ पुरावा पाहून झाल्यावर कसोटी ठरवायची नाही, हा आपला दंडक होता. बांधाच्या वादात खुणेचे दगड आधी दोन्ही शेजाऱ्यांना मान्य असावे लागतात, मोजणी नंतर होते, हे गावात कोणालाही समजते. विचारांच्या वादात मात्र आपण सगळेच मोजणी झाल्यावर दगड हलवू पाहतो.

शाळेत आपण आम्हाला विज्ञान शिकवत होता, तेव्हापासून ही रीत मी पाहत आले आहे. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो ही बातमी देशभर पसरली आणि देवळांपुढे रांगा लागल्या. दुसऱ्या दिवशी आपण वर्गात वाटी, चमचा आणि घरचा वरवंटा घेऊन आलात. वरवंटा उभा धरून त्याच्या टोकाला चमच्याची कड टेकवली, तेव्हा चमच्यातले दूध हळूहळू कमी झाले. मग त्याच दुधात निळ्या शाईचे थेंब टाकून पुन्हा तेच केले. या वेळी वरवंट्यावरून खाली उतरणारा पातळ निळा ओघळ शेवटच्या बाकापर्यंत दिसला. पृष्ठताणामुळे दूध चमच्याबाहेर ओढले जाते आणि दगडाच्या पृष्ठभागावरून पसरत खाली जाते, हे आपण समजावून सांगितले. त्याहून महत्त्वाचे वाक्य आपण नंतर बोललात. रांगेत उभे राहिलेल्यांनी जे पाहिले ते खरेच पाहिले, चमच्यातले दूध कमी होतच होते. चूक असेल तर ती पाहण्यात नाही, त्याचा अर्थ लावण्यात आहे, आणि म्हणून त्यांच्यावर हसण्याचा अधिकार कोणालाही नाही, असे आपण आम्हाला बजावले. त्या रांगेत माझी आजीही होती. आपण वर्गात तिचा मान राखलात, याबद्दलचे आभार मी तेव्हा मानले नव्हते, ते आज मानते.

पुढे माझ्या मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू झाली आणि पत्रिका पाहण्यावरून दादाचे व माझे बोलणे खुंटले. वडिलांच्या पश्चात दादा घरातला वडीलधारा. पत्रिका न पाहता पाऊल टाकणे त्याला बेजबाबदारपणाचे वाटत होते. आपण आम्हा दोघांना शनिवारी बोलावून घेतलेत. ज्योतिष खरे की खोटे, हा प्रश्न आपण काढलाच नाही. पत्रिकेवरून नेमके काय काय सांगता येते, असे आपण दादाला विचारलेत आणि तो सांगेल ते त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहीत गेलात. त्यात ‘बुद्धीची झेप’ असा एक मुद्दा होता. आपण त्याखाली रेघ ओढलीत, कारण नेमक्या त्याच मुद्द्याची चाचणी महाराष्ट्रात होऊन गेली होती.

ती चाचणी आपण ज्या बारकाव्याने मांडलीत, ते इथे नोंदवणे आवश्यक आहे. २००८ मध्ये डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी पुण्यात २०० मुलांच्या जन्मवेळा व जन्मस्थळे मिळवून त्यांच्या पत्रिका तयार केल्या. त्यांपैकी १०० मुले अभ्यासात हुशार होती, तर १०० मुले बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या शाळांतली होती. सहभागी होणाऱ्या प्रत्येक ज्योतिषाला यांतल्या ४० पत्रिका मिळणार होत्या आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली एवढेच त्याने सांगायचे होते. पत्रिकांना सांकेतिक क्रमांक दिलेले होते, त्यामुळे उत्तर नकळत सुचवले जाण्याची वाट बंद झाली होती. एकंदर २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. त्यांच्या अचूक उत्तरांची सरासरी ४६ टक्के निघाली आणि सर्वाधिक अचूकता ४० पैकी २४ इतकी होती. सर्व २०० पत्रिका तपासणाऱ्या एका संस्थेची १०२ उत्तरे बरोबर आली. हे निष्कर्ष २००९ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

‘चाळीसपैकी चोवीस म्हणजे काही कमी नाही,’ असे दादा म्हणाला. त्यावर युक्तिवाद करण्याऐवजी आपण वर्गातल्या प्रत्येकाच्या हातात एकेक रुपयाचे नाणे ठेवलेत आणि चाळीस वेळा उडवून छापे मोजायला सांगितलेत. पुष्कळांचे आकडे विसाच्या आसपास आले, पण दोघांना चोविसाहूनही अधिक छापे पडले होते, आणि त्यांपैकी एक स्वतः दादा होता. नाणे उडवणाऱ्याला कोणतीही विद्या अवगत नसते. तरीही पंचवीस-तीस जणांनी चाळीस-चाळीस वेळा नाणे उडवले, तर त्यांत कोणीतरी चोविसापर्यंत पोचणे जवळपास ठरलेलेच असते, हे त्या दिवशी आम्हाला कोणी पटवून द्यावे लागले नाही. संभाव्यतेचे गणित मी पदवीला शिकले आहे, परंतु ते मला खऱ्या अर्थाने समजले ते त्या शनिवारी.

दादाने तेव्हा जो आक्षेप घेतला तो मला आजही मोलाचा वाटतो. सत्तावीस जण म्हणजे सगळे ज्योतिषी नव्हेत, जे खरे जाणकार आहेत ते अशा चाचणीला येतच नाहीत, असे तो म्हणाला. मी उत्तर द्यायला सरसावले होते, पण आपण मला थांबवलेत आणि या आक्षेपाचा पहिला अर्धा भाग अगदी योग्य आहे, असे सर्वांसमोर सांगितलेत. ही चाचणी सहभागी झालेल्यांबद्दल आणि बुद्धिमत्तेच्या या एका दाव्याबद्दल बोलते, त्यापलीकडे ती ताणू नये, हे आपण मान्य केलेत. दुसऱ्या अर्ध्या भागाबद्दल मात्र आपण दादाला विचारलेत की, खरा जाणकार कोण हे चाचणीच्या आधी कसे ओळखायचे. कारण ज्याचे उत्तर चुकेल तो नंतर जाणकार नव्हताच असे म्हणायची मुभा ठेवली, तर त्या विद्येची परीक्षा कोणालाही, कधीही घेता येणार नाही. दादाने उत्तर दिले नाही. आपणही ते मागितले नाही, विषय पुढे नेलात. कोणाला कोपऱ्यात गाठायचे नाही, हे आपण कधी शब्दांत सांगितले नव्हते, पण ते आम्हाला तिथे उमगले.

दादाचा पत्रिकेवरचा विश्वास त्या दिवशी गेला नाही, आजही पूर्णपणे गेलेला नाही. पण बोलणी पुढे सरकली तेव्हा मुलाकडच्यांसमोर थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तदोषाच्या तपासणीचा विषय त्यानेच काढला. दोघेही त्या दोषाचे वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला तीव्र आजार होण्याची शक्यता चारात एक असते, आणि ते रक्ताच्या साध्या तपासणीतून आधीच समजते, हे त्याने स्वतः वाचून काढले होते. ‘यात कसोटी आधी ठरलेली आहे,’ एवढेच तो मला म्हणाला. बाई, आमच्या घरात त्या वाक्याने जे साधले, ते माझ्या कितीही बोलण्याने साधले नसते.

जादूटोणाविरोधी कायद्याच्या वेळचा वर्ग तर मी कधीच विसरणार नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात डॉ. दाभोलकरांची गोळ्या घालून हत्या झाली. वर्षानुवर्षे रखडलेल्या कायद्याचा वटहुकूम त्यानंतर काही दिवसांतच निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला. आपल्या वर्गात दरसाल वारी करणारे काका होते आणि चळवळीत काम करणारी तरुण मुलेही होती; एका बाजूला संताप होता, दुसऱ्या बाजूला या कायद्याने वारी आणि कीर्तनही बंद होईल अशी भीती होती. आपण कायद्याची मराठी प्रत आणलीत आणि ती मोठ्याने वाचायला काकांनाच सांगितलेत. भूत उतरवण्याच्या निमित्ताने मारहाण करणे, साप किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे, अशी अनुसूचीतली बारा कलमे त्यांनी एकेक करून वाचली. प्रदक्षिणा, यात्रा, हरिकथा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू नाही, हे त्यातच स्पष्टपणे नमूद केलेले असल्याचेही त्यांनीच वाचून दाखवले. काकांचा स्वर तिथे बदलला, तो मी जवळून ऐकला.

परंतु आपण तेवढ्यावर थांबला नाहीत. या कायद्याने अंधश्रद्धा नाहीशी होईल, असे छातीठोकपणे सांगणाऱ्या मुलांनाही आपण ‘कशावरून?’ असे तितक्याच शांतपणे विचारलेत. कायदा फसवणूक आणि क्रौर्य यांना शिक्षा करतो, मनातल्या समजुतीला हात लावत नाही, हे त्याच प्रतीतून त्यांना दाखवून दिलेत. स्वतः आपण कोणत्या बाजूच्या होता, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. त्या आठवड्यातही आपण आपल्या बाजूच्या लोकांना सवलत दिली नाहीत, म्हणून आपल्या शब्दाला वारकरी काकांच्या लेखी वजन राहिले.

राजकारणाच्या बाबतीत ही समदृष्टी सांभाळणे सर्वांत कठीण असते. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या, त्यानंतरच्या शनिवारी आपण दोन्ही बाजूंचे अंदाज प्रत्येकाच्या सहीनिशी कागदावर घेतलेत. दडवलेला पैसा बँकेत परत येणारच नाही, असे पुष्कळांनी लिहिले होते. रिझर्व्ह बँकेच्या २०१८ च्या वार्षिक अहवालात १५.४१ लाख कोटींपैकी १५.३१ लाख कोटी रुपयांच्या, म्हणजे ९९.३ टक्के नोटा परत आल्याची नोंद आली, तेव्हा आपण ते कागद बाहेर काढलेत. तो एक दावा टिकला नाही, हे आपण निःसंदिग्धपणे सांगितलेत. त्याच वेळी, परत आलेला सगळा पैसा निर्मळ होता असेही या आकड्यावरून सिद्ध होत नाही, आणि डिजिटल व्यवहार वाढले की नाही हा निराळा दावा असून त्याची कसोटीही निराळी लागेल, हे विरोधकांना आवर्जून ऐकवलेत. त्या दिवशी दोन्ही बाजू थोड्या नाराज होऊनच घरी गेल्या, पण पुढच्या शनिवारी सगळे पुन्हा आले.

प्रतिपक्षाचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडल्याशिवाय त्यावर उत्तर देता येणार नाही, हा आपला नियम आपल्याकडच्या दर्शनग्रंथांतल्या पूर्वपक्षाच्या परंपरेतून आलेला आहे, असे आपण नेहमी म्हणत असा. टिळक आणि आगरकर यांचा संमतिवयाचा, म्हणजे मुलींच्या शरीरसंबंधाचे किमान वय कायद्याने वाढवावे का याचा, वाद आपण याच नियमाने आमच्याकडून मांडून घेतलात. बालविवाहाने मुलींचे नुकसान होते का, हा एक प्रश्न. समाजाच्या चालीरीतींवर परक्या सरकारने कायदा करावा का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर पुराव्याने देता येते, दुसऱ्यात मूल्यांचा निवाडा करावा लागतो. १८९१ सालच्या त्या वादातले हे दोन धागे सुटे करून पाहिले, तेव्हा आमच्या घरातल्या कित्येक भांडणांतही तेच दोन धागे गुंतलेले असल्याचे मला दिसले.

आपण मुलाकडे राहायला गेल्यापासून वर्ग आम्हीच आळीपाळीने चालवतो. येत्या शनिवारी लोकसभा आणि विधानसभांच्या निवडणुका एकत्र घ्याव्यात का, हा विषय आहे. एकत्र निवडणुकांच्या बाजूचा असलेला दादा विरोधाचा पक्ष मांडणार आहे आणि विरोधातली मी समर्थनाचा. खर्च वाचतो असे म्हणणाऱ्यांनी किती वाचला म्हणजे ‘वाचला’ असे मानायचे ते आधी लिहून द्यायचे, असे ठरले आहे. सायंकाळी सहा वाजता आपल्याला फोन लावू. प्रकृतीला मानवेल तितका वेळ ऐकावे आणि आमच्या मांडणीत जिथे पुरावा कमी पडेल तिथे नेहमीप्रमाणे अडवावे, ही विनंती.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी