डॉली धरणाऱ्या काकांना

तीर्थस्वरूप काका,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "पुरे रे" म्हणून उठून जाता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

ओहायोत मुलाकडे तुम्ही आलात ते नातवंडांसाठी. पण शेजारी माझ्या गॅरेजमध्ये आरव्ही-7 ची, म्हणजे घरी किटमधून बांधायच्या छोट्या विमानाची, अर्धवट फ्यूजलाज (धड) दिसल्यावर, ओझरच्या एचएएलच्या विमान कारखान्यात मिग लढाऊ विमानांच्या पत्र्यांवर नोकरी काढलेला माणूस बाहेर कसा थांबणार!

पत्रे जोडणारे रिव्हेट (धातूच्या खिळ्या) कडेला असले तर स्क्वीझरनं, म्हणजे चिमट्यासारख्या हत्यारानं, एकट्यालाही दाबता येतात. फ्यूजलाजच्या पोटात ते चालत नाही. मार बसतो बाहेरच्या डोक्यावर, चपटी व्हायची असते आतली शेपटी, आणि मध्ये पत्रा. हवेवर चालणाऱ्या रिव्हेट गनवर एक आणि आत डॉली, म्हणजे शेपटीमागे टेकवायचा लोखंडी ठोकळा, धरायला एक, अशी दोन माणसं लागतातच. मागे धड निमुळतं होत जातं, तिथे तुम्ही खांद्यापर्यंत हात घालून नुसत्या बोटांनी शेपटी चाचपायचात आणि डॉली टेकवायचात. कानात बोळे, म्हणजे बोलणं बंद. पत्र्यावर एक टिचकी म्हणजे झालं, दोन म्हणजे अजून जरा, तीन म्हणजे काढून टाक. बोळ्यांतूनही गनचा आवाज बदललेला तुम्हाला कळायचा. आता मलाही थोडा कळतो.

सगळ्यात जास्त आभार मात्र माझ्या हातातलं ड्रिल काढून घेतल्याबद्दल. शेपटी चपटी होऊन बनलेलं आतलं डोकं रिव्हेटच्या दांड्याच्या दीडपट रुंद आणि निम्म्या जाडीचं हवं, हे कागदावरचं माप. जरा हुकलं की नवशिक्याला ड्रिलनं रिव्हेट काढायची घाई. तुम्ही एवढंच विचारायचात, "आणि होल मोठं झालं तर?" होल लांबट झालं की त्याच मापाचा नवा रिव्हेट ते धड भरत नाही, आणि 0.032 इंची पत्र्यात चुका जिरवायला जागा ती किती! किंचित तिरकं डोकं तुम्ही राहू दिलंत. पत्र्यांत फट ठेवणाऱ्याला मात्र कधी माफी नाही.

एफएएच्या (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाच्या) नियमाप्रमाणे अशा घरी बांधलेल्या विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी शिकण्यासाठी किंवा करमणुकीसाठी केलेलं हवं, पैसे देऊन करून घेतलेलं त्यात धरत नाहीत. तुम्ही चहा-बाकरवडीवर राबलात, तेव्हा ती काळजी नाही. व्हिसाचीही नाही.

ईएए या हौशी विमानवाल्यांच्या संघटनेच्या इथल्या चॅप्टरचे टेक्निकल काउन्सेलर (बांधकाम तपासून सल्ला देणारे) परवा आरसा आणि बॅटरी घेऊन आतून सगळं बघून गेले. मागच्या भागात त्यांनी काही खोट काढली नाही. ते सहसा काढतात.

आता पुढच्या भागाला 1/8 इंची रिव्हेट आहेत. 3/32 साठी तुम्ही गनला लावून दिलेला हवेचा दाब त्यांना पुरेसा वाटत नाही. किती वाढवू? रविवारी तुमच्या तिकडच्या, भारतातल्या संध्याकाळी फोन करतो. काकूंना नमस्कार.

आपला,
गनवाला