कमिशनपुढे चार खिडक्या

बॉस्टनच्या उत्तरेकडून,
ऑक्टोबरचा तिसरा रविवार

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर मी "कमिशनने आमच्या खिडक्या पास केल्या" म्हणाले आणि तुम्ही ताबडतोब विचारलंत, "किती टक्के?" आई मागे हसल्याचंही ऐकू आलं. तेवढ्यात चिऊने भोकाड पसरलं आणि हे कमिशन पैशांचं नव्हे, जुन्या घरांच्या बाहेरच्या बदलांना परवानगी देणारं गावाचं मंडळ, हे सांगायचं राहून गेलं. नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात उभी नोकरी केलेल्या माणसाला असलं प्रकरण अर्धवट ऐकवून ठेवणं बरं नव्हे, म्हणून आज बसून लिहिते आहे. दुपारचे बारा वाजलेत, पण दिवा लावून लिहावं लागतंय. का, ते ओघात येईलच.

घर १८४६ चं आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. दारावरच्या पाटीवर साल आहे, बांधणाऱ्याचं नाव आहे आणि त्याचा धंदाही: जहाजांचा सुतार. (आपला वाडा याच्याही आधीचा, पण त्यावर पाटी आहे ती फक्त "येथे गाडी लावू नये" एवढीच.) घर घेताना दलालाने सांगितलं होतं की हा भाग ऐतिहासिक आहे. आम्ही खूश झालो. "ऐतिहासिक" म्हणजे भाव चढणार, एवढाच अर्थ घेतला.

पहिल्या हिवाळ्यात समोरच्या चार खिडक्यांतून असा वारा यायचा की पडदे आपोआप हलायचे. वसंतात खिडक्यावाल्याला बोलावलं. त्याने जुन्या लाकडी काढून प्लॅस्टिकच्या दुहेरी काचेच्या बसवायचा आकडा सांगितला, आम्ही इसार दिला, तो परवान्यासाठी बांधकाम विभागात गेला आणि हात हलवत परत आला. आधी कमिशनचा दाखला आणा, मग परवाना.

इथे दोन वेगवेगळ्या गोष्टींची गल्लत होते, आमचीही झाली. १९६६ च्या कायद्याने देशपातळीवर ऐतिहासिक स्थळांची एक नोंदवही झाली. त्या नोंदवहीत घर आलं तर तो निव्वळ मान असतो. मालकाने स्वतःच्या पैशाने काहीही केलं, अगदी घर पाडलं, तरी ती नोंद त्याला अडवत नाही. अडवतो तो गावाचा नियम. मॅसॅच्युसेट्समध्ये त्यासाठी १९६० चा राज्याचा कायदा आहे, "चाळीस-सी" म्हणतात त्याला. गावाने आधी अभ्यास समिती नेमायची, अहवाल करायचा, सुनावणी घ्यायची आणि नगरसभेत दोन तृतीयांश मतं मिळाली तरच तो भाग ऐतिहासिक ठरतो. म्हणजे हे लचांड राजधानीतून आलेलं नाही, इथल्याच लोकांनी गळ्यात बांधून घेतलंय. आम्ही यायच्या किती तरी आधी.

बांधून का घेतलं, तर डोळ्यांदेखत जात होतं म्हणून. सगळ्यांत आधी हे केलं दक्षिणेतल्या चार्ल्सटनने, १९३१ साली. तिथे मोटारी आल्या आणि जुनी घरं पाडून पेट्रोल पंप उभे राहू लागले होते. बॉस्टनमधल्या बीकन हिलवर १९४७ मध्ये फुटपाथच्या विटा उखडायला मजूर आले, तर बायका त्या विटांवरच ठाण मांडून बसल्या. विटा वाचल्या आणि १९५५ मध्ये तो भाग कायद्याने राखला गेला. त्याच वर्षी नॅनटकेट बेटही. आईला ही विटांची गोष्ट जरूर सांगा. रस्तारुंदीत गल्लीतला पार जाणार होता तेव्हा तीही अशीच बसली असती, तुम्ही तिला घरात बोलावलंत म्हणून.

आता कमिशन. आमच्याकडे सात माणसं आहेत, एकालाही पगार नाही. कायदाच सांगतो की नावं कुणाकडून मागवायची: एक वास्तुविशारदांच्या संघटनेकडून, एक घरांच्या दलालांकडून, एक इतिहास मंडळाकडून, आणि जमलं तर त्या भागातला कुणी रहिवासी. तीन-तीन वर्षांची मुदत. आमच्या कमिशनवरच्या एक बाई शाळेतून निवृत्त झालेल्या आहेत आणि मला दर शनिवारी भाजी बाजारात भेटतात. त्यामुळे तुमच्या टक्क्यांच्या प्रश्नाचं उत्तर असं की, सुनावणीच्या आधीच्या शनिवारी मी त्यांना घरचे टोमॅटो देऊ केले तर त्यांनी हात मागे घेतला. "निकालानंतर घेईन," म्हणाल्या.

अर्जासोबत जोडायचं काय? चारी बाजूंचे फोटो, खिडकीचं मापासकट रेखाटन, नव्या खिडकीच्या कॅटलॉगची पानं. मग सुनावणीची नोटीस किमान चौदा दिवस आधी लावतात आणि आजूबाजूच्या घरांना टपालाने जाते. आमच्या खिडक्यांविषयी अख्ख्या गल्लीला पत्रं गेली हो! अर्ज आल्यापासून साठ दिवसांत कमिशनने निर्णय दिला नाही तर अर्जदाराला दाखला द्यावाच लागतो. हे वाचल्यावर तुमची आठवण झाली. आपल्या नगररचना कायद्यातली साठ दिवसांची मानीव परवानगी तुम्हीच मला एकदा जेवताना समजावली होतीत, वरण निवेपर्यंत. तो कायदाही १९६६ चाच, नाही का?

आणि सगळ्यात गमतीची गोष्ट. कमिशनला घराच्या आतलं काहीही विचारता येत नाही. अधिकार फक्त बाहेरच्या अंगावर, तोही सार्वजनिक रस्त्यावरून, बागेतून किंवा पाण्यातून दिसेल तेवढ्यावर. पाण्यातून म्हणजे होडीत बसून दिसलं तरी ते दिसलंच. कृष्णेच्या पात्रातून घाटावरचे वाडे दिसतात तसं. आमच्या मागच्या पाच खिडक्या कुठूनच दिसत नाहीत, त्यांना "लागू नाही" असा दाखला दोन दिवसांत आला. तिथे आम्ही प्लॅस्टिकच बसवलं, कुणी हूं की चूं केलं नाही. एका बाजूची खिडकी मेपलच्या झाडाआड आहे. तुमचे जावई म्हणाले, ही तर झाकलेली आहे. तर उत्तर आलं, झाडाला आम्ही आडोसा मानत नाही. पानं गळतात आणि झाडं तोडलीही जातात. आज पानं गळताहेत आणि ती खिडकी खरोखरच रस्त्यावरून लख्ख दिसते आहे, हे मात्र मला कबूल करावं लागेल.

सुनावणी झाली नगरभवनाच्या वरच्या मजल्यावर. आमच्या आधी एकांच्या दारापुढच्या दिव्यांचा विषय होता. त्यांना जुन्या गॅसबत्तीसारखे दिसणारे नवे दिवे लावायचे होते. मला वाटलं, लगेच होकार मिळणार. पण कमिशनने नको म्हटलं! या घराला असले दिवे कधीच नव्हते, मग नसलेला इतिहास कशाला चिकटवता? साधे दिवे लावा. मला हे फार आवडलं. आपल्याकडे हॉटेलांच्या दारात फायबरचे पेशवाई खांब उभे करतात ते आठवलं.

मग आमची पाळी. प्लॅस्टिकला दोन मिनिटांत नकार. कारण मात्र नीट दिलं. आमच्या प्रत्येक खिडकीला वर सहा आणि खाली सहा अशा छोट्या काचा आहेत, मधल्या लाकडी पट्ट्या बोटाएवढ्या बारीक. प्लॅस्टिकच्या खिडकीत त्या पट्ट्या दोन काचांमध्ये कोंडलेल्या असतात, बाहेरून सगळं सपाट दिसतं, सावली पडत नाही. वास्तुविशारद सदस्याने आमच्याच फोटोवर पेन्सिल ठेवून दाखवलं. तो पुढे म्हणाला की हे लाकूड जुन्या जंगलातल्या पाईनचं, दाट रेषांचं आहे, असं आता विकत मिळत नाही. पावणेदोनशे वर्षं टिकलंय, दुरुस्त होतं. प्लॅस्टिकची खिडकी बिघडली तर ती फेकायचीच. वारा अडवायचा तर बाहेरून जादा काचेची खिडकी लावा, तिला आमची परवानगीही लागत नाही.

मी उठून विचारलं की माझी मुलगी दोन वर्षांची आहे, या खिडक्यांवर शिशाचा रंग आहे, त्याचं काय? हा इथला दुसरा पेच. १९७८ च्या आधीच्या घरांत शिशाचा रंग असणारच असं धरून चालतात आणि या राज्यात सहा वर्षांखालचं मूल घरात असेल तर तो धोका घालवणं मालकावर बंधनकारक आहे. खिडकी वर-खाली सरकताना घासते आणि धूळ पडते. म्हणजे एक कायदा म्हणतो हा रंग हटव, दुसरा म्हणतो खिडकी ठेव. तोडगा एकच: खिडक्या उतरवून कारखान्यात न्यायच्या, रंग पार उतरवून परत आणायच्या. हेच कमिशनने पास केलं. तो खर्च नव्या प्लॅस्टिकच्या दुपटीला जरासाच कमी पडला. पोटात गोळा आला, खोटं कशाला सांगू? आम्हा दोघांच्या पगारात कसंबसं बसलं. पलीकडच्या घरात एक म्हाताऱ्या बाई एकट्या राहतात, त्यांच्या ओट्याचे खांब कुजलेत. तसेच लाकडी खांब घालायला पैसे नाहीत आणि दुसरे चालत नाहीत. कायद्यात "अडचणीचा दाखला" आहे खरा, पण अडचण त्या घराची म्हणून सिद्ध करावी लागते. मालकाचं पेन्शन कमी आहे एवढं पुरत नाही. खांब अजून तसेच आहेत, दोरीने बांधलेले. या नियमाचा मला राग येतो तो तिथे.

आणि कोपऱ्यावरच्या घरात? तिथे आतून सगळं खरवडून काढलंय, जुना जिना, चुली, भिंती, काही ठेवलं नाही. आत नुसता पांढरा हॉल. बाहेरून मात्र तोच १८३० सालचा चेहरा. कमिशनचं त्यात काही चुकलं नाही, त्यांना आत बघायचंच नसतं.

तर आमच्या चारही खिडक्या आता सुताराकडे आहेत, आणि चौकटींत प्लायवुड ठोकलंय. म्हणून हा दिव्याचा उजेड. खिडक्या उतरवताना मी पहिल्यांदा आतलं यंत्र पाहिलं. चौकटीच्या आत, भिंतीच्या पोकळीत, दोरीला लोंबकळणारं लोखंडी वजन असतं, विहिरीच्या रहाटासारखं. त्याच्या तोलावर खिडकी एका बोटाने वर जाते. आमच्या दोऱ्या केव्हाच तुटलेल्या, म्हणून आम्ही काठी लावून ठेवायचो. सुतार म्हणाला, दोरी बदलायची, फटींना पितळी पट्टी मारायची, काचांना नवी लांबी (पुट्टी) भरायची, बस. काचांतल्या चार जुन्या आहेत, त्यांतून पाहिलं की समोरचं घर पाण्यात पाहिल्यासारखं हलतं. चिऊ त्या काचेला "डुलकाच" म्हणते.

आता दादाने लिहिलेल्या गोष्टीकडे येते. माडीच्या दर्शनी तीन खिडक्या दिवाळीनंतर काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या बसवायच्या म्हणतो. त्याला काही म्हणू नका. पावसात तिथून पाणी येतं ते मी लहानपणी बादल्या लावून पाहिलंय, आणि वाड्यात राहायचं त्याला आहे, मला नाही. मुंबईत १९९५ पासून वारसा इमारतींची श्रेणीवार यादी आहे, पण आपल्या गल्लीत विचारायला येणारं कोणी नाही आणि यावं असंही मी म्हणत नाही. फक्त एक करा. सुतार चौकटीला हात लावायच्या आधी तुम्ही स्वतः टेप घेऊन बसा आणि तुमच्या त्या हिरव्या वहीत मापं काढा: गज किती, जाडी किती, वरच्या कमळांच्या पट्टीची उंची किती. समोरून आणि आतून फोटो काढा, पट्टी शेजारी धरून. आणि त्या खिडक्या भंगारवाल्याला देऊ नका, तळघरात उभ्या ठेवा, आडव्या नकोत, वाळवीसाठी खाली विटा घाला. आमच्या इथल्या सुताराला मी तुमच्या कमळांच्या पट्टीचा फोटो दाखवला तेव्हा तो बराच वेळ काही बोललाच नाही, मग विचारलं, "हे हाताने केलंय?"

शिक्षिकाबाईंनी टोमॅटो घेतले, हे सांगायचं राहिलं. बदल्यात भोपळा दिला. त्याचे घारगे केले, गूळ नीट नव्हता तरी बरे झाले.

आईला सा. न. दादा-वहिनींना नमस्कार. चिऊचा पापा.

तुमची,
ताई